ग्रामपंचायतीचा दाखला आणि भरतीची रेषा

मांडवा-किहीमपासून थेट श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंत, किनाऱ्यालगतची वाडी घेणारे, विकणारे आणि मध्ये राहून व्यवहार जमवणारे, सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : ‘‘ग्रामपंचायतीचा दाखला आहे, एनए झालंय, मग सीआरझेडचं काय घेऊन बसलात?’’ २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो फेरी सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली तसं हे वाक्य अधिकच ठासून बोललं जाऊ लागलं. ते साफ चुकीचं आहे. त्याच्या भरवशावर माणसं आयुष्यभराची पुंजी पुळणीवर ओततात, आणि नोटीस आली की ‘आमच्याकडे तर सगळे कागद होते’ असं म्हणत बसतात. कागद असतातच. पण त्यांतला एकही कागद मुख्य प्रश्नाचं उत्तर देत नसतो.

प्रत्येक कागद काय सांगतो ते नीट पाहू. सातबारा सांगतो की जमिनीवर नाव कोणाचं आणि पीक कशाचं. अकृषिक परवानगी (एनए) सांगते की या जमिनीचा शेतीखेरीज वापर करायला महसूल खात्याची मुभा आहे. अशा आदेशात इतर कायद्यांखालच्या परवानग्या अर्जदारानं स्वतंत्रपणे घ्याव्यात असं साधारणपणे लिहिलेलंच असतं, पण ती ओळ कोणी वाचत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला सांगतो की गावाची हरकत नाही. घरपट्टीची पावती तर एवढंच सांगते की कर भरला. भरतीच्या रेषेपासून हे बांधकाम किती अंतरावर आहे आणि तिथं ते चालतं का, हा प्रश्न यांपैकी कोणीच विचारलेला नसतो. तो प्रश्न पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याखालच्या किनारा नियमन (सीआरझेड) अधिसूचनेचा आहे. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची आणि आता १८ जानेवारी २०१९ ची. या अधिनियमाचं कलम २४ म्हणतं की इतर कायद्यांत विसंगत काही असलं तरी याखालचे नियम आणि आदेश वरचढ ठरतील. म्हणजे ग्रामपंचायतीनं तिच्या कायद्याप्रमाणे दिलेला दाखला अगदी अस्सल असला, तरी तो किनारा नियमनाची जागा घेऊ शकत नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी केरळमधलं मरडू आठवावं. कोचीशेजारच्या या गावात २००६ मध्ये पंचायतीनं बांधकाम परवाने दिले. राज्याच्या किनारा प्राधिकरणाची संमती घेतलीच नव्हती. इमारती उभ्या राहिल्या, सदनिका विकल्या गेल्या, कुटुंबं राहायला आली. उच्च न्यायालयात बिल्डरांच्या बाजूनं निकालही लागला. पण मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही बांधकामं पाडण्याचा आदेश दिला, आणि ११ व १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार गृहसंकुलं स्फोटकं लावून जमीनदोस्त झाली. सदनिकाधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई मिळाली, पण घरं गेली ती गेलीच. इतक्या लांब जायचं नसेल तर आपलं किहीम आहे. अलिबाग तालुक्यातल्या बेकायदा बंगल्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. त्यानंतर ८ मार्च २०१९ रोजी नीरव मोदी याचा समुद्राकाठचा बंगला जिल्हा प्रशासनानं सीआरझेडच्या उल्लंघनावरून स्फोटकांनी पाडला. मरडूत मध्यमवर्गीय होते, किहीममध्ये धनाढ्य मालक होता. दोन्हीकडे कायद्यानं एकच गोष्ट मोजली, ती म्हणजे अंतर.

ते मोजणारी संस्था म्हणजे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १९९८ पासून राज्याराज्यांत अशी प्राधिकरणं आली. आपल्याकडे पर्यावरण विभागाचे सचिव त्याचे अध्यक्ष असतात, सोबत अधिकारी आणि तज्ज्ञ सदस्य. या प्राधिकरणाबद्दलचा दुसरा मोठा गैरसमज असा, की तिथं इमारतीचा आराखडा ‘पसंत’ करून घ्यायचा असतो. त्यामुळे आर्किटेक्ट जांभ्या चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, सौर पॅनेल आणि चहूकडे झाडं दाखवून ‘पर्यावरणपूरक’ चित्रं रंगवतात. ही सगळी मेहनत चांगली आहे, पण ती दुसऱ्या क्रमांकाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्राधिकरण आधी जमीन पाहतं, मग इमारत. जागा चुकली असेल तर चिऱ्याची भिंत आणि काँक्रीटची भिंत यांत कायद्याच्या दृष्टीनं फरक उरत नाही.

जमीन पाहायची ती एका नकाशावर. केंद्र सरकारनं अधिकृत केलेल्या मोजक्या तांत्रिक संस्थांपैकी एखादीकडून १:४००० या प्रमाणात हा नकाशा करून घ्यावा लागतो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची दूरसंवेदन संस्था त्यांपैकी एक. या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर. त्यावर भरतीची रेषा, ओहोटीची रेषा, २०० मीटरची रेषा, ५०० मीटरची रेषा, कांदळवन असेल तर त्याची हद्द, आणि या सगळ्यावर प्रस्तावित बांधकाम गट नंबरासह बसवलेलं. समजा वाडी साधारण एक एकराची आहे, ५० मीटर रुंद आणि ८० मीटर खोल. तिची समुद्राकडची कड भरतीरेषेपासून १८० मीटरवर आहे आणि मागची कड २६० मीटरवर. नकाशावर ही वाडी साडेचार ते साडेसहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात येते, आणि पाचव्या सेंटिमीटरवरची २०० मीटरची रेषा तिला आडवी कापून जाते. पुढचे २० मीटर ना विकास क्षेत्रात. तिथं नारळ-पोफळी लावा, भाजी करा, नवं घर नाही. घर मागच्या ६० मीटरमध्ये, आणि तिथंही उंची ९ मीटरपर्यंत, तळमजला अधिक एक मजला. समुद्र दिसावा म्हणून घर पुढच्या कडेला काढलेला आराखडा कितीही देखणा असो, या एका रेषेवर तो संपतो.

इथं एक खुलासा हवा, कारण ‘भरतीची रेषा’ या शब्दांनीच पुष्कळांची फसगत होते. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी जिथवर येतं ती ही रेषा नाही. उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर पोचतं, ती ही रेषा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांग यांतला फरक सांगायला नको, पण जमीन दाखवायला नेणारे नेमकं भांगेच्या दिवशी पाणी दाखवतात आणि तिथून पावलं मोजतात. अंतर पावलांनी ठरत नाही, मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावरच्या रेषेवरून ठरतं. खाडीकाठी तर समुद्र नजरेतही नसतो, तरी भरतीचं पाणी आत शिरतं म्हणून किनारा नियमन तिथवर येतं. धरमतर किंवा कुंडलिका खाडीकाठच्या गावात ‘इथं कुठला समुद्र?’ हा प्रश्न गैरलागू आहे.

सध्या सगळ्यात जोरात चाललेली अर्धी माहिती ५० मीटरची. ‘नव्या नियमात २०० चे ५० झाले’ असं सर्रास सांगितलं जातं. २०१९ ची अधिसूचना उघडून पाहावी. ग्रामीण किनाऱ्याचे तिनं दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असलेला भाग ‘तीन-अ’, बाकीचा ‘तीन-ब’. ५० मीटरची सवलत फक्त ‘तीन-अ’ ला, तीही नव्या अधिसूचनेप्रमाणे लोकांशी सल्लामसलत करून केलेला किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झालेला असेल तरच. नसेल तर २०० मीटर कायम, असं तिथंच लिहिलं आहे. रायगड जिल्ह्याची घनता त्याच जनगणनेत ३६८ होती. वर्गवारी जिल्ह्यावरून ठरत नाही, त्या-त्या भागावरून ठरते, हे खरं. पण नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये विखुरलेल्या घरांचं गाव २१६१ चा आकडा गाठतं का, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी आराखड्यावर पाहावं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गांभीर्यानं घ्यायला हवा : हे नियम शहरातल्या निसर्गप्रेमींनी केले, आणि भरडला जातो तो गावठाणातला कोळी, आगरी, भंडारी. मुलाचं लग्न झालं की घराला एक खोली वाढवायची, तर मंत्रालयापर्यंत जायचं का? भावना रास्त आहे, पण तिच्यातली माहिती अपुरी आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्वतः राहण्यासाठीचं ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक संस्थाच मंजुरी देते. मात्र देताना तिनं अधिसूचनेच्या नजरेतून प्रस्ताव तपासायचा असतो. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती-पुनर्बांधणी पूर्वीच्या जोत्याच्या आणि चटई क्षेत्राच्या मर्यादेत ना विकास क्षेत्रातही करता येते. २०११ च्या अधिसूचनेनं तर मच्छीमार आणि इतर पारंपरिक किनारी समाजांच्या घरांना १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यातही वाट ठेवली होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीत पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत, असंही कायदाच सांगतो. तक्रार असलीच तर ती इथं आहे : कोळीवाड्यांच्या हद्दी निश्चित करायचं काम रेंगाळलं, आणि या सवलती गावातल्या माणसाला कोणी समजावून सांगितल्या नाहीत. स्वतः राहणाऱ्यांसाठी ठेवलेल्या ३०० चौरस मीटरच्या वाटेनं बाहेरच्यांचे भाड्यानं द्यायचे व्हिला आत शिरतात, तेव्हा अन्याय नियमाचा नसतो, नियमाच्या गैरवापराचा असतो. त्यासाठी नियम सैल करण्यानं नुकसान गावठाणाचंच होईल, कारण समुद्रापुढे पहिलं घर त्याचं असतं.

किरकोळ गैरसमज आणखी बरेच आहेत. त्यांना एकेक ओळ पुरे.

‘पाचशे मीटरच्या आत काहीच बांधता येत नाही.’ येतं, ग्रामीण भागात २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात ते अटींवर चालतं.

‘रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला असलं की चालतं.’ ती सोय नगरपालिका हद्दीतल्या विकसित भागाची, म्हणजे सीआरझेड-दोनची आहे; ग्रामीण किनाऱ्याला ती लावता येत नाही.

‘कांदळवन माझ्या सातबाऱ्यावर आहे.’ असू दे. १७ सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार जमीन कोणाचीही असली तरी कांदळवनाला आणि भोवतीच्या ५० मीटरला हात लावता येत नाही.

‘खारेपाटातल्या बांधाच्या आत सगळं मोकळं.’ १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध असेल तर भरतीरेषा बांधावर थांबते हे खरं, पण बांधाच्या आत उगवलेलं कांदळवन तरीही संरक्षितच राहतं.

‘शॅक तात्पुरतं, त्याला नियम नाही.’ आहे, ते भरतीरेषेपासून किमान १० मीटर दूर हवं.

‘रिसॉर्ट आपल्या जागेत असलं की पुळणीवर जाणारी वाट बंद करता येते.’ नाही, दोन रिसॉर्टच्या मध्ये लोकांना समुद्राकडे जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची वाट सोडावी लागते.

‘आधी बांधू, मग दंड भरून नियमित करू.’ ना विकास क्षेत्रात जे मुळातच चालत नाही, ते दंडाच्या पावतीनं चालू लागत नाही.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रापासून मिळतं. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा, असं त्यांनी सुचवलं होतं. किनाऱ्याचं सौंदर्य हे त्यामागचं एक कारण, पण रायगडला त्याहून मोठं कारण ३ जून २०२० रोजी दिसलं. अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग चक्रीवादळ धडकलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांमधली पिढ्यान्‌पिढ्यांची माड-पोफळीची झाडं एका दिवसात आडवी झाली. पुळण, तिच्यावरची वाळूची टेकाडं आणि मागचं कांदळवन हे समुद्राचा जोर जिरवणारे अडसर आहेत, आणि समुद्राला मागेपुढे व्हायला जागा लागतेच. नकाशावरच्या पाच सेंटिमीटरमध्ये कायद्यानं हीच जागा राखून ठेवली आहे. म्हणून किनाऱ्यावर जमीन घेणाऱ्यानं इसार देण्याआधी मागायचा पहिला कागद ग्रामपंचायतीचा दाखला नव्हे. त्या गट नंबरावर भरतीची रेषा दाखवणारा अधिकृत नकाशा हा तो कागद. विकणारा तो द्यायला कां-कूं करू लागला, तर तिथंच थांबावं आणि इसार खिशातच ठेवावा.