युनिक्स व विंडोज यांतील वापरकर्ता जुळवणी

युनिक्स व विंडोज यांतील वापरकर्ता जुळवणी म्हणजे एकाच व्यक्तीच्या या दोन प्रणालींतील ओळखी परस्परांशी जोडण्याची प्रक्रिया होय. ही जोडणी चुकल्यास नाव व पासवर्ड बरोबर असूनही फाइल उघडत नाही, किंवा ती भलत्याच व्यक्तीच्या मालकीची दिसते.

ओळखीतील फरक

युनिक्स व लिनक्समध्ये फाइलीसोबत मालकाचे नाव नव्हे, तर यूआयडी हा क्रमांक नोंदलेला असतो. गटाच्या क्रमांकास जीआयडी म्हणतात. बहुतेक लिनक्स वितरणांत पहिल्या सामान्य वापरकर्त्यास १००० हा यूआयडी मिळतो. साहजिकच दोन संगणकांवर तो दोन भिन्न व्यक्तींचा असू शकतो. परवानग्या मालक, गट व इतर अशा तीन वर्गांना दिल्या जातात. वाचनास ४, लेखनास २ व चालवण्यास १ अंक असल्याने ६४० म्हणजे मालकास वाचन-लेखन, गटास केवळ वाचन व इतरांस मज्जाव.

१९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून विंडोजमध्ये खात्याची ओळख एसआयडी या लांब संकेताने होते. फाइलीस परवानग्यांची यादी जोडलेली असून तीत अनेक व्यक्तींना व गटांना स्वतंत्र मुभा वा नकार देता येतो. अशी यादी वरील तीन वर्गांत पूर्णपणे बसत नाही.

सांबा

अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे प्रसिद्ध केलेल्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमुळे युनिक्सवरील फोल्डर विंडोजमध्ये दिसू शकतात. त्यातील विनबाइंड हा घटक एसआयडीला यूआयडी नेमून देतो. टीडीबी पद्धतीत हे क्रमांक वापरकर्ते येतील त्या क्रमाने दिले जातात, म्हणून दोन सर्व्हरांवर ते भिन्न असू शकतात. आरआयडी पद्धतीत क्रमांक एसआयडीच्या अखेरच्या भागावरून काढला जातो. त्यामुळे मांडणी समान असल्यास सर्वत्र तोच क्रमांक येतो.

दोषशोधनाचा क्रम

१. सर्व्हरवर फाइलीच्या मालकाचा व गटाचा क्रमांक पाहावा. नावांवर विसंबू नये.
२. संबंधित वापरकर्त्यास मिळालेला यूआयडी व त्याचे गट तपासावेत.
३. फाइलीपर्यंतच्या मार्गातील प्रत्येक फोल्डरमध्ये प्रवेशाची परवानगी आहे का, हे पाहावे.
४. सामायिक फोल्डरची व फाइलीची परवानगी स्वतंत्रपणे तपासावी. दोन्हींची संमती असेल तरच काम होते.
५. नव्या फाइलींवर कोणत्या परवानग्या लागू होतात, ते पाहावे. सांबामध्ये मूळ मर्यादा ०७४४ असल्याने एकाने तयार केलेली फाइल गटातील दुसऱ्यास वाचता येते, पण बदलता येत नाही.

सुरक्षितता

अडचण आली की ७७७ परवानगी देण्याचा उपाय अनेकदा योजला जातो. वर्ध्यातील एखाद्या शाळेच्या सर्व्हरवर गुणपत्रकांची फाइल अशी खुली केल्यास त्या सर्व्हरवरील कोणतेही खाते गुण बदलू शकेल आणि जुळवणीतील मूळ दोष तसाच राहील. त्याऐवजी शिक्षकांचा गट करून फोल्डरला २७७० परवानगी व नव्या फाइलींना ०६६० मर्यादा ठेवणे योग्य ठरते. २७७० मधील २ या अंकामुळे नव्या फाइली आपोआप त्याच गटाच्या होतात.