कधी चालू, कधी ‘टक्’: जुन्या पिकअपचे निदान

जुनी डिझेल पिकअप सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि दुपारी माल उतरवल्यावर नुसती ‘टक्’ करून थांबते, तेव्हा दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. परंतु बॅटरी खरोखर उतरली असती, तर तासाभराने तिने इंजिन तितक्याच जोमाने फिरवले नसते.

निदान गाडी अडलेली असतानाच करावे लागते. सुरू झालेली गाडी काहीच सांगत नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सेल्फ मारताना मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवले असता दिसणारा व्होल्टेजपात, म्हणजे वाटेत वाया जाणारा दाब, अर्ध्या व्होल्टहून अधिक भरला, तर अर्थिंगची वायर संशयित ठरते. वरून धडधाकट दिसणाऱ्या या वायरीच्या बोल्टखाली हिरवट बुरशीसारखा गंज साचलेला असतो.

याउलट पात जवळजवळ शून्य आणि बॅटरी 12 व्होल्टवर ढिम्म असेल, तर ‘टक्’ होऊनही करंट मोटरपर्यंत जात नसतो, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे सोलेनॉइड या विद्युतचुंबकी खटक्यातील झिजलेले तांब्याचे संपर्क.

प्रश्न विचारताना वाचकांनी गाडी ‘टक्’ करते की इंजिन फिरूनही पेट घेत नाही, हे आधी नमूद करावे, कारण दुसऱ्या प्रकारात शोध डिझेलच्या वाटेने जातो.