नदीतल्या विषाचा माग आणि जबाबदारी

अमेरिकेच्या मिसिसिपी नदीत तणनाशक येते कोठून, हे शास्त्रज्ञांनी केव्हाच शोधून काढले आहे. त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

कारखान्याचे सांडपाणी नळीतून येते. तिच्याकडे बोट दाखवता येते. शेतातल्या विषाला असे एक तोंड नसते. म्हणून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९१ च्या एप्रिल ते जूनमध्ये मुख्य नदीचे आणि तिच्या मोठ्या उपनद्यांचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले. पाण्यातील विषाचे प्रमाण आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की कोणती उपनदी किती विष आणते ते कळते. अॅट्राझीन हे तणनाशक प्रत्येक नमुन्यात सापडले. काही ठिकाणी ते पिण्याच्या पाण्यासाठी ठरलेल्या लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम या मर्यादेच्याही वर होते. फवारणीनंतरच्या पावसात प्रमाण चढत होते. माग आयोवा, इलिनॉय या मक्याच्या पट्ट्यात पोहोचला.

पण पुढे काय? १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने कारखान्याच्या नळीला परवाना लावला. शेतातून पावसाबरोबर वाहणारे पाणी मात्र परवान्याबाहेरच राहिले. नदीकाठच्या गावांनी पाणी शुद्ध करण्याचा खर्च सोसला. अनेक पाणीपुरवठा संस्था न्यायालयात गेल्या, तेव्हा २०१२ मध्ये सिंजेंटा कंपनीने दोष कबूल न करता १० कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. अॅट्राझीनमुळे बेडकांच्या प्रजननावर परिणाम होतो, असे २००२ मध्ये मांडणारे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ टायरोन हेज यांना बदनाम करण्याचे डावपेच कंपनीने आखले होते, हेही याच खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. युरोपीय संघाने २००४ मध्येच या रसायनाला मान्यता नाकारली. अमेरिकेत मात्र ते आजही फवारले जाते.

आणि आपल्याकडे? केंद्र सरकारने २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात अॅट्राझीन होते. २०२३ च्या अंतिम आदेशात बंदी आली ती मोजक्यांवरच, अॅट्राझीन सुटले. मसुद्यातून नावे गळतात, तेव्हा ती कोणाच्या फायद्यासाठी गळतात, हे विचारायला नको काय?

या तणनाशकाची झळ आपल्या माणसांना दुहेरी बसते. खुरपणीला जाणाऱ्या भूमिहीन बायांची मजुरी ते हिरावते आणि तेच पावसाबरोबर ओढ्या-विहिरींत उतरते. बाटलीबंद पाणी विकत घेणे ज्यांना परवडत नाही, ते तेच पाणी पितात.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणूस म्हणून आपला हक्क बजावण्यासाठी. त्या हक्कात निर्विष पाणीही येते. म्हणून चळवळीने मागणी करावी : पेरणीनंतरच्या पहिल्या पावसात प्रत्येक उपनदीचे नमुने तपासा, आकडे गावाच्या चावडीवर लावा आणि शुद्धीकरणाचा खर्च विष विकणाऱ्याकडून वसूल करा. मिसिसिपीत माग लागला, वसुलीला मात्र वर्षे लागली. आपण दोन्ही मागण्या एकदमच केल्या पाहिजेत.