सिकलसेलचा रुग्ण आणि वैद्याची नोंदवही

धानाची रोवणी सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यातील वैद्यांकडे हाडे व सांधे दुखणारे तरुण रुग्ण येऊ लागतात. थंड पाण्यात उभे राहणे, अतिश्रम आणि शरीरातील जलांश घटणे या कारणांनी सिकलसेलच्या वेदना उसळतात. केवळ आमवात समजून चिकित्सा करण्याचा मोह येथे टाळावयास हवा.

अशाच एका तरुणास दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करताना एका कार्यालयात ऐकावे लागले, "हातपाय धड आहेत, मग अपंग कसा?" कायद्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले व त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. केवळ वाहक (एएस) असणारी व्यक्ती मात्र यात येत नाही.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करावयाचा असतो. त्यानंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होऊन टक्केवारी ठरते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा. तिच्या लाभार्थ्यांत सिकलसेलग्रस्तांचा स्वतंत्र उल्लेख आहे. दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले.

खरी अडचण निराळीच आहे. वेदनेचा वेग येतो व ओसरतो. तपासणीच्या दिवशी रुग्ण निरोगी भासतो. तेव्हा त्याच्या बाजूने बोलतात ते कागदच. विद्राव्यता चाचणीने रुग्ण व वाहक यांतील भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसीचा अहवाल हवा. रुग्णालयातून सुटी मिळाल्याची पत्रे व रक्त दिल्याच्या नोंदी यांवरून व्याधीचे बल समजते. हे कागद पावसात भिजतात, हरवतात.

येथे आपले कर्तव्य सुरू होते. आपल्या चिठ्ठीस दिव्यांग प्रमाणपत्राचे मोल नाही, व तसा आभासही आपण निर्माण करू नये. परंतु प्रत्येक वेगाची दिनांकासह नोंद ठेवणे, रुग्णास वेळीच शासकीय रुग्णालयात पाठविणे आणि सर्व कागद एका पिशवीत जपण्यास सांगणे आपल्या हाती आहे. हायड्रॉक्सियुरिया सुरू असल्यास ते आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. पाण्डु दिसला म्हणून लोह वा मंडूर कल्प सरसकट देऊ नयेत. वारंवार रक्त घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात लोहाचा संचय आधीच झालेला असू शकतो. अशा ग्राहकास प्रथम रक्ततपासणीचा मार्ग दाखवावा. निदानाचा पहिला कागद हाती आला, तरच हक्काचा अर्ज पुढे सरकतो.