हिवाळ्यातली कोरडी हवा आणि वाद्यांना जाणारे तडे

पार्सिपनीत थंडी पडताच घरोघरी भट्ट्या सुरू होतात आणि हिवाळा सरेपर्यंत त्यांची घरघर थांबत नाही. संक्रांतीच्या सुमारास हाताची त्वचा उलते, दाराच्या मुठीला हात लावताच विजेचा बारीक चटका बसतो, आणि एखाद्या रात्री दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून सुकी फांदी मोडावी तसा 'तड्' असा आवाज येतो. सकाळी गिटार उचलून पाहावी, तर तिच्या पुढच्या फळीवर पुलाच्या खालच्या बाजूला केसाएवढी चीर दिसते. लेक हायावाथाच्या गल्ल्यांतून, रूट ४६ च्या दोन्ही अंगांच्या अपार्टमेंटांतून आपल्या मराठी कुटुंबांची जी वस्ती आहे, तिथे हल्ली गिटार आणि तानपुरा एकाच भिंतीला टेकलेले दिसतात. एक मुलाने हट्टाने घेतलेली, दुसरा आईने मिरजेहून सांभाळून आणलेला. दोघांचा शत्रू मात्र एकच आहे.

हा शत्रू थंडी नव्हे, कोरडेपणा होय. आणि तो बाहेरच्या हवेत नसून घरातल्या हवेत आहे. याचे गणित सोपे आहे. बाहेर उणे ५ अंश सेल्सियस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत जेमतेम अडीच ग्रॅम बाष्प असते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता १८ ग्रॅमांवर जाते. बाष्प मात्र तेवढेच राहते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता उरली १३ टक्क्यांच्या आसपास. आपले शिजवणे, आंघोळी आणि श्वासोच्छ्वास यांमुळे ती थोडीफार वर चढते, तरी पंचविशीच्या पलीकडे क्वचितच जाते. गिटार ज्या कार्यशाळेत जन्मते तिथे हीच आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान जाणीवपूर्वक राखलेली असते. आपल्या घरात आल्यावर लाकडाला वाळवंटात स्थलांतर घडते.

लाकूड कापून, रंधून, पॉलिश करूनही ते हवेशी देवघेव करायचे थांबत नाही, हे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कोणत्याही घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. आषाढात फुगून चौकटीत अडकणारे दार दिवाळीनंतर आपोआप मोकळे होते, तोच हा व्यवहार. पण दार फुगते ते रुंदीत, उंचीत नव्हे. आणि सगळी मेख इथेच आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, तंतूंना आडवे मात्र बरेच आकसते. गिटारची पुढची फळी बहुधा स्प्रूसची, जाडीला अडीच ते तीन मिलिमीटर आणि सर्वांत रुंद भागी सुमारे ४० सेंटिमीटर. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांवरून २० वर उतरली, की लाकडातला ओलावा सुमारे ९ टक्क्यांवरून साडेचारवर येतो आणि ही फळी रुंदीत अडीच मिलिमीटर आखडू पाहते.

आखडू पाहते, पण आखडू शकत नाही. कारण तिच्या पोटाशी आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्या आहेत, त्यांचे तंतू फळीच्या तंतूंना आडवे जातात, आणि वर पुलाची आबनुसाची किंवा शिसवाची पट्टीही तशीच आडवी बसलेली आहे. या पट्ट्या आपल्या लांबीत आकसत नाहीत. फळीने जायचे कुठे? ताण साचत जातो आणि तंतूंमधला सर्वांत दुबळा सांधा उकलतो. तारांचा ७०-७५ किलोंचा ओढा त्यात भर घालतो, पण मूळ कारण तो नव्हे. तारा उतरवून ठेवलेली गिटारही कोरड्या हवेत चिरते. उलट, प्लायवूडच्या फळीची स्वस्त गिटार अशा घरात वर्षानुवर्षे धडधाकट राहते, कारण तिचे थर एकमेकांना आडवे असून परस्परांना जखडून ठेवतात. अखंड लाकडाचा नाद हवा असेल, तर त्याची जोखीमही पत्करावी लागते.

ही जोखीम कमी करण्याची विद्या आपल्यापासून मोटारीने तासाभरावर, पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावी, जवळजवळ दोनशे वर्षे जोपासली जात आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हे जर्मन कारागीर १८३३ साली न्यूयॉर्कला आले आणि त्याच दशकाच्या अखेरीस नाझरेथ परिसरात स्थिरावले. त्यांची कंपनी आजही तिथेच आहे. कारखाना आणि संग्रहालय पाहता येते, आणि एखाद्या शनिवार-रविवारी मॉलमध्ये भटकण्यापेक्षा कामाच्या दिवशी सुट्टी काढून तिथे जाणे अधिक सार्थकी लागते असे माझे मत आहे. मराठी माणसाला तिथे एक ओळखीची गोष्टही भेटते. मार्टिनच्या प्रसिद्ध डी-२८ या गिटारची पाठ आणि कडा १९६९ पर्यंत ब्राझीलच्या रोझवूडच्या असत. त्यानंतर त्यांची जागा भारतीय रोझवूडने घेतली. भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीच्या रानातला. आजोबांच्या वाड्यातला पलंग आणि मुलाची अमेरिकन गिटार एकाच जातीच्या झाडाच्या आहेत, ही बाब नातवंडांना सांगण्याजोगी आहे.

चांगला कारागीर चीर पडण्यापूर्वीच तिच्याशी लढतो. तो फळी अशी निवडतो की कापताना वार्षिक वलये फळीच्या पृष्ठाला काटकोनात यावीत. अशी फळी आडव्या दिशेने सर्वांत कमी आकसते. लाकूड महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हवेत ठेवून स्थिरावले, की मगच ते हाती घेतो. आधारपट्ट्या चिकटवण्याचा दिवस तर मुहूर्तासारखा पाहिला जातो: कार्यशाळेची हवा ४० ते ४५ टक्क्यांवर कित्येक दिवस स्थिर असेल तरच सरस लावायचा. दमट दिवशी चिकटवलेली फळी मुळातच फुगलेली असते आणि पहिल्याच कोरड्या ऋतूत तिच्यावर दुप्पट ताण येतो. शिवाय सपाट दिसणारी फळी खरी सपाट नसते. पट्ट्यांना किंचित कमान देऊन तिला बाहेरून पुसटसा फुगवटा दिलेला असतो. लाकूड आखडले तर आधी हा फुगवटा बसतो आणि चिरण्याची वेळ टळते, निदान लांबते.

म्हणूनच चीर ही आजाराची शेवटची अवस्था असते. लक्षणे आधीच दिसू लागतात. पुढची फळी आत बसते, तारा गळ्याच्या फार जवळ येतात आणि वाजवताना खरखरतात. गळ्यावरची लाकडी पट्टी आकसल्याने धातूच्या पडद्यांची टोके कडेबाहेर येतात आणि हाताला बोचतात. मुलाने "गिटार टोचते" अशी तक्रार केली, तर ती गंभीरपणे घ्यावी.

चीर पडल्यावर पहिला मोह होतो तो घरातला झटपट चिकटणारा गोंद भरण्याचा. तो कटाक्षाने टाळावा. तो गोंद पॉलिश विरघळवतो, लाकडात खोल मुरतो आणि नंतर दुसरा कोणताही सरस तिथे धरत नाही. त्याहून मोठी चूक अशी, की कोरड्या अवस्थेत उघडी चीर भरून टाकली, तर उन्हाळ्यात फळी फुगताना तिला जागाच उरत नाही. उपचाराचा क्रम उलटा आहे: आधी पाणी, मग सरस. वाद्य पेटीत बंद करून, सोबत ओलाव्याची सोय ठेवून, आठवडा-दोन आठवडे हळूहळू ४५ ते ५० टक्क्यांवर आणायचे. बहुतेक ताज्या चिरा एवढ्यानेच मिटतात. मिटलेली चीर बरी झालेली नसते. पण आता तिच्या दोन्ही कडा एकमेकींत चपखल बसतात. मग कारागीर पातळ केलेला सरस बोटाने चोळतो, खालून हलके दाबून आणि सोडून चिरेला तो पिऊ देतो, आणि जादा सरस लगेच ओल्या फडक्याने पुसतो.

त्यानंतर खरी कसोटी. मधल्या गोल भोकातून हात घालून, आरशात पाहत, चिरेच्या खाली आतून स्प्रूसची छोटी चौकोनी ठिगळे चिकटवावी लागतात. ती नखाएवढी, दीड मिलिमीटर जाडीची आणि कडांना निमुळती केलेली असतात. त्यांचे तंतू चिरेला आडवे ठेवतात, म्हणजे चीर पुन्हा उकलू लागली तर ती ओढून धरतात. हात पोहोचत नाही तिथे फळीच्या आत-बाहेर चुंबके लावून ठिगळ दाबून धरतात. ओलावा देऊनही फट उरलीच, तर तिच्यात लाकडाचा भुसा भरत नाहीत. त्याच जातीच्या लाकडाची पात्यासारखी काडी तासून, रेषेला रेषा जुळवून बसवतात. निष्णात हाताने केलेली दुरुस्ती फुटाच्या अंतरावरून दिसतही नाही, आणि नादाला तिने बाधा येत नाही.

तानपुऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सतारमेकर यांच्या काळापासून, ही वाद्ये घडत आली. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची, पण भोपळा म्हणजे भीमाकाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकलेले, वाळवलेले फळ. लाकूड एका मापाने आकसते, भोपळ्याची साल दुसऱ्या. त्यामुळे इथल्या हिवाळ्यात पहिला तडा बहुधा दोहोंच्या सांध्यावर, नाहीतर भोपळ्यावरच उभा जातो. खुंट्या आकसून सैल होतात आणि सूर लावावा तोच उतरतो. तबलीला गिटारसारखे भोक नसल्याने आत हात घालता येत नाही. मोठी दुरुस्ती करायची तर तबली उचकटून आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवावी लागते. हे काम गिटारच्या दुकानात नेऊ नये. तिथला कारागीर कितीही कुशल असला, तरी भोपळ्याची ठिसूळ साल त्याच्या ओळखीची नसते. मिरजेपर्यंतचा प्रवासखर्च जमेस धरला, तर तानपुऱ्याच्या बाबतीत उपचारापेक्षा पथ्यच परवडते.

पथ्य फारसे अवघड नाही. प्रथम एक आर्द्रतामापक घ्यावा. पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, स्वस्त मापक दहा-दहा टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढे पाणी घालावे आणि मापकासह प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी काटा ७५ वर असला पाहिजे. नसेल तर तेवढा फरक ध्यानात ठेवावा. गिटार भिंतीवर टांगू नये, पेटीत ठेवावी, आणि पेटीत ओलावा देणारी व गरज पडल्यास शोषून घेणारी पुडी टाकावी. अशा ४९ टक्क्यांच्या पुड्या मिळतात. तानपुऱ्याला बहुधा पेटी नसते, त्यामुळे त्याच्या खोलीतच ह्युमिडिफायर लावणे भाग आहे. संपूर्ण घर ५० टक्क्यांवर नेण्याचा अट्टहास मात्र करू नये. कडाक्याच्या थंडीत खिडक्यांवर पाणी साचते आणि चौकटींना बुरशी धरते. एका खोलीत ४० टक्के राखले तरी पुरे. ती खोली गरम हवेच्या झरोक्यापासून, रेडिएटरपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून जितकी दूर तितकी बरी.

कार्यक्रमाहून रात्री परतताना गारठलेल्या डिकीतून आणलेली पेटी घरात येताच उघडू नये. थंडगार पॉलिशला एकदम उबदार हवा लागली, की त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात. पेटी तशीच बंद ठेवून झोपी जावे, आणि सकाळी उघडावी.