मंगळावरची दहीहंडी

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे खुद्द डॉ. जयंत विष्णू नारळीकर. ज. वि. ना. ही आद्याक्षरे त्यांनी उलटी लावली होती, शिवाय अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती. नावाच्या वजनावर मिळालेले बक्षीस त्यांना नको होते.

स्पर्धेचे आणि विज्ञानकथेचे असे जुने गूळपीठ आहे. १८९६ मध्ये जगदीशचंद्र बोसांनी 'कुंतलीन' या केशतेलाच्या उत्पादकांनी ठेवलेल्या स्पर्धेसाठी बंगालीत कथा लिहिली. तीत समुद्रावरचे वादळ तेलाच्या एका बाटलीने शमते! पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की लाटा मंदावतात, एवढाच तिचा आधार. त्याही आधी, १८१६ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मित्रमंडळींना कवी बायरनने प्रत्येकी एक भुताची गोष्ट लिहायला सांगितले. त्यांतली मेरी अठरा वर्षांची होती. तिची गोष्ट 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणून १८१८ मध्ये छापून आली. तो उन्हाळा बिघडला, त्यामागे आदल्या वर्षी इंडोनेशियात झालेला तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक होता.

तेव्हा स्नेहसंमेलनाला किंवा शाळेच्या हस्तलिखिताला "विज्ञानकथा लिहून आणा" असे बाई सांगतात, ती काही गंमत म्हणून भरायची पाने नव्हेत. पण येते काय? साल ३०५०. उडत्या मोटारी. एक रोबो, एक दुष्ट शास्त्रज्ञ, परग्रहावरून हल्ला. आणि शेवटी आईची हाक : "अरे ऊठ, शाळेला उशीर होतोय!" सगळे स्वप्नच होते. हा शेवट शाळांनी सरळ नियम करून बाद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळेच बदलून टाकले की वाचणाऱ्याला पाय टेकायला जागा उरत नाही, आणि मग लेखकालाही स्वप्नातून पळ काढावा लागतो.

एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे जिथल्या तिथे. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये बदलते ती एक गोळी. १४ जानेवारी १७६१ रोजी ती विश्वासरावांना लागत नाही, चाटून जाते. मराठे लढाई जिंकतात. तिथून पुढचा इतिहास मात्र काटेकोरपणे बदलत जातो. पुण्याहून रेल्वेने मुंबईला निघालेल्या गंगाधरपंतांना डब्यांवर चिमुकला युनियन जॅक दिसतो, कारण या जगात ईस्ट इंडिया कंपनी अजून टिकून आहे. एकेका तपशिलावरून वाचक स्वतःच जग जुळवत जातो. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ही कथा आहे. घरात ते पुस्तक असेल तर जरूर काढून वाचा.

आता आपल्या मुलांसाठी एक नमुना करून पाहू. मंगळावर मराठी वस्ती आहे आणि गोकुळाष्टमी आली आहे. बदल एवढाच. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के, म्हणजे इथला ६० किलोचा गोविंदा तिथल्या काट्यावर जेमतेम २३ किलो भरेल. खालच्या थराच्या खांद्यांवरचा भार हलका, त्यामुळे थर वाढवायचा मोह होणारच. पण गोविंदाचे वस्तुमान तेवढेच राहते, म्हणून धक्का लागला की मनोरा हलायचा तो हलणारच. कोसळला तर खाली यायला इथल्या दीडपटीहून जास्त वेळ लागेल. वरच्या बाळगोपाळाला घाबरायला भरपूर सवड! हंडी मात्र घुमटाखालीच बांधावी लागेल. बाहेर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथे ती फुटली तर दह्यातले पाणी काही उकळेल, काही गोठेल. इतके आकडे मिळाले की कथेचे प्रसंग आपोआप सुचू लागतात.

त्याच वस्तीतल्या मुलाला साताऱ्याहून आजी विचारते, "जेवलास का रे?" प्रकाशाच्या वेगाने गेला तरी प्रश्न पोचायला, ग्रह कुठे आहेत त्यावर, ३ ते २२ मिनिटे लागतात. उत्तर परत यायला पुन्हा तेवढीच. म्हणजे नातवाचे "हो" ऐकू येईतो आजीच्या कितीतरी भाकऱ्या थापून व्हायच्या. मुले असे संभाषण हटकून फोनवरच्या गप्पांसारखे लिहितात. तिथे त्यांना अडवायचे, लाल शाईने नव्हे, एक प्रश्न विचारून : मग आजी त्या मधल्या वेळात काय करत असेल? बहुधा तिथेच खरी गोष्ट असते.

प्रयोगासाठी कागदाची पट्टीही पुरते. पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा. मधोमध रेघ ओढत गेलात तर पेन न उचलता ती दोन्ही बाजूंनी फिरून पहिल्या ठिकाणी येते. ही मोबियसची पट्टी. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत नारळीकरांनी तिच्यावरून डावे-उजवे उलटवण्याची करामत केली आणि तिला क्रिकेटमधला गोलंदाज जोडला. एच. जी. वेल्सनेही १८९६ मध्ये अशी उलटापालट लिहिली होती. त्याचा नायक तर शाळामास्तर. वर्गात स्फोट होऊन तो गायब होतो आणि परततो तेव्हा त्याचे हृदय उजवीकडे असते.

कथा वाचून दाखवायची असेल तर चार-पाच पाने पुष्कळ झाली. शास्त्राची माहिती पात्रांच्या तोंडी भाषणासारखी घालू नये. श्रोते चुळबुळ करू लागतात. आणि मोबाइलला सांगून लिहवून घेतलेली कथा तर पहिल्या परिच्छेदातच ओळखू येते, फार गुळगुळीत असते ती.

शिक्षकांना एक विनंती. यंदा कथा मागवाल तेव्हा आदल्या दिवशी सूचना काढू नका, निदान पंधरवडा द्या. कच्चा खर्डा मराठीच्या बाईंनी आणि विज्ञानाच्या सरांनी, दोघांनीही वाचावा. आणि तपासताना कथेवरचे नाव झाकून ठेवावे.