प्रचालकाचे बटण आणि चावडीवरचा हिशेब

कुपवाडमधल्या आमच्या जयंतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मुलाने वर्गणीचा हिशेब विचारला. पाच मिनिटांत तो ग्रुपबाहेर. अ‍ॅडमिनने काढले एवढे स्क्रीनवर दिसले. का काढले ते कुणी सांगितले नाही. त्याचा मेसेजही पुसला गेला. हाच मुलगा एमआयडीसीतली पाळी संपवून रात्री मराठी विकिपीडियावर लिहितो. तो आम्हाला म्हणाला, "दादा, तिथं निदान नोंद तरी राहते." त्याच्या या वाक्यामुळेच हे लिहायला बसलो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे पगारी संपादक नाहीत, कुणीही लिहू शकतो, आणि ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर तो चालतो तेही मुक्त स्रोत आहे. पण कुणीही लिहू शकतो म्हणजे कुणीही येऊन महापुरुषांच्या लेखात घाण टाकू शकतो. म्हणून प्रचालक लागतात. समुदायाच्या सहमतीने नेमलेल्या या सदस्यांकडे पान वगळणे, पान सुरक्षित करणे आणि सदस्याला प्रतिबंधित करणे हे अधिकार असतात.

नव्याने लिहिणाऱ्या आपल्या मुलांचा मजकूर उडाला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "तिथेही तेच लोक बसलेत!" हा संशय हवेतून आलेला नाही, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण संशय आणि पुरावा यांत अंतर असते, आणि इथे ते अंतर कापता येते. प्रत्येक लेखाच्या 'इतिहास' या पानावर कोणता बदल कुणी, कधी केला ते दिसते. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येतात. प्रचालकाने पान वगळले वा कुणाला रोखले तर 'नोंदी'त त्याचे सदस्यनाव, वेळ आणि दिलेले कारण उमटते. वगळलेला मजकूर सामान्य वाचकाला दिसत नाही, वगळल्याची नोंद मात्र दिसते. आम्ही स्वतः तपासले तेव्हा काही वेळा दोष आमचाच निघाला. चरित्रग्रंथातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला होता. तो काढणे योग्यच होते.

तक्रार मांडायची जागा म्हणजे लेखाचे चर्चा पान, आणि त्यापुढे 'चावडी'. होय, मराठी विकिपीडियावर त्या जागेचे नाव चावडीच आहे. आपल्या पणजोबांनी चावडीच्या पायरीखाली उभे राहून हुकूम ऐकले. या चावडीला पायरी नाही. खाते नसले तरी ती वाचता येते.

पण उघड असणे म्हणजे न्याय्य असणे नव्हे. नोंदीत कारण म्हणून नुसते 'अयोग्य' लिहिले तर नियम पाळल्यासारखा दिसतो आणि कळत काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्या वादात प्रचालक स्वतः एका बाजूने लिहितो आहे, त्याच वादात त्याने बटण वापरणे. अशा वेळी त्याने बाजूला होऊन दुसऱ्या प्रचालकाला बोलवायला हवे.

आपल्याला हे नवे वाटू नये. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खू संघाला माहीत होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात मतांच्या शलाका गोळा करणाऱ्याची पात्रताच दिली आहे : त्याच्या ठायी पक्षपात, द्वेष, मोह आणि भय नसावे, आणि कोणते मत घेतले, कोणते नाही, हे त्याला ठाऊक असावे. शिवाय ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, त्याच्या समक्षच तो घ्यावा असा दंडक. प्रचालक निवडताना यापेक्षा वेगळे काय पाहायचे?

आता उलटे उदाहरण. क्रोएशियन विकिपीडियावर एका राष्ट्रवादी गटाने साधारण दशकभर प्रचालकपदांवर पकड ठेवली, विरोधी सदस्यांना रोखले आणि इतिहास आपल्या सोयीने लिहिला. विकिमीडिया फाउंडेशनने यावरचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या नोंदी त्या सगळ्या काळात उघड्याच होत्या! त्या वाचून टिकून राहणारी माणसे मात्र कमी पडली. लहान भाषेच्या विकिपीडियाला हा धोका जास्त, कारण मूठभर प्रचालक आणि बाहेरच्यांना भाषाच कळत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने सर्व प्रकल्पांसाठी सार्वत्रिक आचारसंहिता मंजूर केली. कुणाशीही भेदभाव न करता आदराने वागायचे, असे सांगताना तीत वंश, धर्म, लिंग यांच्याबरोबर जातीचाही स्पष्ट उल्लेख आहे. हा शब्द लक्षात ठेवा, तक्रार लिहिताना कामाला येतो.

तक्रार लिहायची तर बदलाचा दुवा, तारीख आणि संदर्भग्रंथाचे पान द्या. ग्रुपवर हाक देऊन पन्नास जणांकडून एकच मजकूर टाकून घेऊ नका. तिथे डोकी मोजत नाहीत, आणि असा जमाव दिसला की खरी तक्रारही बाजूला पडते. एकाने दोन-तीन खाती काढून लिहिणे तर फसवणूकच. याबाबतीत आपल्याच लोकांना आम्हाला अनेकदा अडवावे लागले आहे.

जयंतीच्या ग्रुपचे म्हणाल, तर आता विहारात एक वही ठेवली आहे. कुणाला काढले, कुणी काढले, का काढले, असे तीन रकाने. पहिली नोंद त्याच मुलाची आहे. तिसरा रकाना अजून रिकामा आहे.